घर पाहावे शाळेपाशी

मनुष्याने वस्ती कोठे करावी, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या पूर्वजांनी पुष्कळ केलेला आहे. एका जुन्या सुभाषितात त्यासाठी पाच कसोट्या सांगितल्या असून सावकार, वेदवेत्ता, राजा, नदी आणि वैद्य ही पाच जेथे नाहीत तेथे मुक्काम करू नये, असा त्याचा आशय आहे. या पाचांपैकी पहिला हल्ली घरी दूरध्वनी करून कर्ज घेण्याचा आग्रह करतो, दुसरा श्रावणात सत्यनारायणाला मिळत नाही, तिसऱ्याचे सहास्य फलक वाढदिवसाच्या निमित्ताने चौकाचौकांत लागलेले असतात, चौथी पुणे शहरापुरती बोलायची तर पावसाळ्याचे महिने वगळता केवळ गंधावरून ओळखावी लागते, आणि पाचव्याची भेट मिळवण्यासाठी आधी नंबर लावावा लागतो. सारांश, ज्या कसोट्यांना उतरणार नाही असे एकही शहर आता उरलेले नाही, त्या कसोट्यांचा उपयोग संपलेला आहे.

या सुभाषितात शाळेचे नाव नाही, आणि ते नसण्याचे कारण उघड आहे. त्या काळी मौंजीबंधन झाले की बटू उठून गुरुगृही जात असे. म्हणजे शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवायचे ते आठ वर्षांच्या मुलाने, आणि तेही एक दंड, एक लंगोटी आणि एक झोळी एवढ्याच सामानासह. आता मूल आईबापांजवळ राहते आणि त्याच्या शिक्षणासाठी आई, बाप, आजी, कपडे धुण्याचे यंत्र, दोन लोखंडी कपाटे आणि तुळशीची कुंडी असा सर्व संसार शाळेच्या दिशेने सरकतो. शिक्षणाने समाज हलतो, असे जे म्हणतात त्याचा अर्थ हाच असावा.

माझा भाचा एका बँकेत अधिकारी असून गेल्या फाल्गुनात त्याची नांदेडहून पुण्यास बदली झाली. कन्या मोठ्या गटातून उत्तीर्ण होऊन (मोठ्या गटातही आता उत्तीर्ण व्हावे लागते) जूनमध्ये पहिलीत जायची होती. बदलीचा हुकूम हाती पडताच तो सपत्नीक माझ्याकडे चार दिवस मुक्कामाला आला. आयुष्यभर नारायण पेठेत राहिलेल्या मनुष्याला जे प्रश्न विचारले जाणे स्वाभाविक आहे, म्हणजे नळाला पाणी किती वाजता येते, भाडे काय पडते, मालक भांडखोर आहे की केवळ पुणेरी आहे, त्यांची उत्तरे मी मनाशी जुळवून ठेवली होती. परंतु त्याने पहिल्याच संध्याकाळी चहाचा कप बाजूला सारून एक लांबलचक तक्ता सतरंजीवर पसरला आणि म्हणाला, “मामा, भाडं, पाणी, लिफ्ट हे सगळं नंतर बघू. आधी शाळा ठरवायची, मग तिच्यापाशी घर. ऑफिसचं काय, जाता येतं कुठूनही.”

त्याचे ऑफिस लष्कर भागात आहे हे लक्षात घेता त्या शेवटच्या वाक्यात पितृप्रेम किती आणि भूगोलाचे अज्ञान किती, याचा निवाडा मला त्या क्षणी करता आला नाही.

तक्ता मात्र प्रेक्षणीय होता. कर्जाच्या अर्जांची छाननी करण्यात ज्याची पंधरा वर्षे गेली, त्या मनुष्याने तो सिद्ध केला होता, आणि धंद्याची वहिवाट त्याच्या रेघारेघांतून दिसत होती. डावीकडे वस्त्यांची नावे. वर मंडळ, माध्यम, वार्षिक शुल्क, वाहनखर्च, मैदानाचे क्षेत्रफळ, एका तुकडीतील मुले, दहावीचा निकाल असे रकाने. आणि अगदी उजव्या टोकाला ‘संस्कार’ या मथळ्याचा एक रकाना, ज्याच्याखाली काय भरावे हे न सुचल्यामुळे सर्वत्र ‘समक्ष पाहून ठरवणे’ असा शेरा मारलेला होता. भाचेसून शेजारी बसून काही बोलत नव्हती. ती संगणकावर काम करणारी असून अंकांचा तिला कंटाळा नाही, पण नवऱ्याच्या तक्त्याकडे ती ज्या नजरेने पाहत होती, त्या नजरेने मी अनेक सुज्ञ स्त्रियांना पंचांगाकडे पाहताना पाहिले आहे: मुहूर्त काय असेल तो असो, डबे भरायचे कोणाला आहेत हे त्यांना ठाऊक असते.

मी त्यांना अर्थातच पेठांची शिफारस केली. शिक्षणाच्या बाबतीत पेठांचा जो लौकिक आहे, तो उपनगरांतील काचेच्या इमारतींना आणखी शंभर वर्षे मिळायचा नाही, हे मी त्यांना सोदाहरण सांगितले. हुजूरपागेची जागा पेशव्यांच्या खाशा घोड्यांची. तेथे भरणारी मुलींची शाळा १८८४ सालची. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले, आगरकर पुढे येऊन मिळाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८९० मध्ये टिळक त्या संस्थेतून भांडून बाहेर पडले. म्हणजे संस्थेची परंपरा सर्वांगांनी परिपूर्ण आहे. पेरुगेटापाशी भावे स्कूल आहे. सदाशिव पेठेतच १९६२ मध्ये आप्पा पेंडशांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, जिच्या पाचवीच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुले तिसरीपासून तयार होतात आणि आईबाप त्याच्याही आधीपासून. भाच्याने विचारले, “आणि सगळ्यात जुनी कुठली?” तेव्हा मला बुधवार पेठेकडे बोट दाखवावे लागले. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा आसपासच्या सभ्य गृहस्थांना ती आपल्या वस्तीत नको होती, आणि शाळेला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती फेकण्यापर्यंत त्यांची मजल गेली. चांगली शाळा घराजवळ असावी, ही पुणेकरांची तळमळ त्यानंतर बऱ्याच उशिराने उत्पन्न झालेली आहे. वर्षानुवर्षे कोर्टकज्जात अडकलेला तो वाडा स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला. तिथवर शाळेचे महत्त्व सर्वांना पटलेले होते.

एवढे व्याख्यान ऐकून उभयता दुसऱ्या दिवशी सकाळी घर शोधावयास पेठांत हिंडले आणि दुपारी उन्हाने व वस्तुस्थितीने होरपळून परत आले. पेठांत शाळा आहेत, पण मुलाबाळांच्या कुटुंबाला भाड्याने द्यावयास जागा नाही, कारण सर्व जागा विद्यार्थ्यांनी व्यापलेली आहे. हे विद्यार्थी पहिलीतले नव्हेत. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले, पंचविशी ओलांडलेले आणि तिशीकडे झुकलेले हे तरुण एकेका खोलीत चारचार खाटा टाकून ‘कॉट बेसिस’वर राहतात, मेसमध्ये जेवतात, अभ्यासिकेत झोपतात आणि चहाच्या टपरीवर राज्यघटनेच्या कलमांची उजळणी करतात. दोन खोल्यांत आठ खाटा मावतात, हे गणित घरमालकांना शाळेतच पक्के शिकवलेले असल्यामुळे, नवरा-बायको आणि एक मुलगी असा तीन खाटांचा संसार त्यांना आतबट्ट्याचा वाटतो. एका मालकिणीने तर भाचेसुनेला सहानुभूतीने विचारले, “मुलगी एमपीएससी करणार आहे का? मग पुढं-मागं बघू.”

मुंबईकराची रीत याहून निराळी आहे. पार्ल्याचा मनुष्य पार्ले टिळक विद्यालयाच्या आश्रयाने १९२१ पासून जो राहिला तो राहिलाच. इमारत पुनर्विकासाला गेली तरी तो तीन गल्ल्या सोडून भाड्याने राहतो, पण रेल्वेचे फाटक काही ओलांडत नाही. पुणेकर मात्र शाळा पेठेत ठेवून स्वतः बाहेर पडला. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबांना नव्या वसाहतींत जावे लागले; त्यानंतर न बुडालेले लोकही कोरड्या जागेच्या शोधात कर्वे रस्त्याने पश्चिमेकडे सरकत गेले आणि कोथरूडच्या शेतांमळ्यांतून मंगल कार्यालये, अमृततुल्ये व सहकारी गृहरचना संस्था उगवल्या. अंगणे गेली, वाडे गेले, परंतु आपण ज्या बाकावर बसलो त्याच बाकावर आपले चिरंजीव बसले पाहिजेत, ही इच्छा मात्र कोथरूडकराने सोबत नेली. त्यामुळे भल्या सकाळी कोथरूडहून निघून नळ स्टॉपवरून, लकडी पुलावरून पेठांकडे जाणारी शाळकरी वाहनांची एक अखंड रांग लागते.

हा प्रवाह एकाच दिशेने वाहिला असता तर त्यात विनोदाला जागा नव्हती. परंतु त्याच वेळी पेठांत अद्यापि टिकून असलेली जी थोडी मुले आहेत, त्यांच्या आईबापांना आपल्या दाराशी असलेल्या शाळा जुनाट वाटू लागल्या असून दिल्लीच्या मंडळाचा अभ्यासक्रम, पोहण्याचा तलाव आणि वातानुकूलित वर्ग यांच्या ओढीने ती मुले उलट दिशेला, बाणेर-बावधनच्या अंगाला, रवाना होतात. दोन्ही रांगा पुलावर एकमेकींसमोर अडकतात. इकडच्या खिडकीतले मूल तिकडच्या खिडकीतल्या मुलाला जीभ काढून दाखवते. दोघांचे आईबाप आपापल्या घरी, आपण आपल्या अपत्याला शहरातील उत्तमोत्तम शिक्षण देत आहोत या समाधानात दुसरा चहा घेत असतात. दोन्ही वाहनांतील मुलांची पुलाच्या मध्यावर अदलाबदल केली, तर प्रत्येक मूल आपल्या घरालगतच्या शाळेत पायी पोहोचेल आणि पुलावरची कोंडी कायमची सुटेल, हा उपाय मी एका नगरसेवकाला सुचवून पाहिला आहे. त्याने तो गंभीरपणे ऐकून घेतला आणि उड्डाणपुलाचा विषय काढला.

वस्तुतः हा उपाय माझा नव्हे. भारत सरकारने १९६४ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग नेमला, त्याने १९६६ च्या अहवालात परिसरशाळेची कल्पना मांडली होती: एका वस्तीतील सर्व मुले, मग बाप कलेक्टर असो वा कारकून वा हमाल, त्या वस्तीतल्या एकाच शाळेत जावीत, म्हणजे कलेक्टरला तरी त्या शाळेचे छप्पर गळते की नाही याची चौकशी करावी लागेल. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूरकडचे, आणि त्यांनी उभारलेली शिक्षणविषयक संशोधनाची संस्था कोथरूडातच आहे. तिच्या आसपासच्या रस्त्यांवरून रोज सकाळी किती पिवळी वाहने किती लांबच्या शाळांकडे धावतात हे पाहिले, म्हणजे संशोधनासाठी जागेची निवड किती अचूक झाली याची खात्री पटते.

पेठा हुकल्यावर भाच्याने मोर्चा उपनगरांकडे वळवला, आणि त्या मोहिमेत दोन दिवस मलाही जुंपले. जागेचे दलाल अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, मिनिटांमध्ये सांगतात. आणि ती मिनिटे कोणत्या दिवशीची, हे विचारण्याचा प्रघात नाही. माझ्या अंदाजाने ती रविवारी पहाटे काकड आरतीच्या सुमारास मोजलेली असतात. शाळांची नावे मात्र मैलांच्या हिशेबाला पुरून उरणारी होती. पूर्वी शाळेला संस्थापकाचे, देणगीदाराच्या मातोश्रींचे किंवा निदान गल्लीचे नाव असे. आता ‘ग्लोबल’, ‘वर्ल्ड’, ‘इंटरनॅशनल’ यांखाली बात नाही, आणि नावातले जग जसजसे विस्तारते तसतसे मैदान आक्रसत जाते, असा नियम मला त्या दोन दिवसांत आढळून आला. एका ठिकाणी तर संपूर्ण ब्रह्मांडाला गवसणी घालणाऱ्या नावाच्या शाळेचे मैदान गच्चीवर होते व त्यावर हिरवा गालिचा अंथरलेला होता.

दुसऱ्या एका शाळेच्या गुळगुळीत माहितीपुस्तिकेत मुखपृष्ठावरच एक उमदा घोडा होता. शिकवणीत अश्वारोहणाचा अंतर्भाव आहे, असे स्वागतकक्षातील बाईंनी सांगितले. मला गहिवरून आले. ज्या शहरात मुलींना शिकता यावे म्हणून घोड्यांच्या पागेची जागा शाळेला मिळाली, त्याच शहरात पुरती दीडशे वर्षेही लोटली नाहीत तोच घोडे सन्मानाने शाळेत परत आले, आणि आता त्यांच्या चंदीचा खर्च शुल्कात वेगळा दाखवला जातो.

मुलाखतीचा प्रसंग मी विस्ताराने सांगणार नाही, कारण कायद्याप्रमाणे तो घडलेलाच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घेण्यास मनाई केलेली असून पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्यामुळे शाळा चाचणी घेत नाहीत, नुसत्या गप्पा मारतात. गप्पांत मुलीला तिच्या आवडीचा रंग विचारला गेला व तिने ‘चिवडा’ असे उत्तर दिले. माझ्या भाच्याला ‘पालक म्हणून आपली जीवनदृष्टी’ विचारण्यात आली. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडच्या अंगाला बसून लोकांना ‘परतफेड कशी करणार’ एवढाच प्रश्न विचारलेला तो मनुष्य जामीनदार न मिळालेल्या कर्जदारासारखा खुर्चीच्या काठावर सरकला आणि काहीतरी ‘सर्वांगीण’ असे पुटपुटला. ‘सर्वांगीण’ या शब्दावर बाईंनी मान हलवली, म्हणून तो बाहेर येऊन दिवसभर तोच शब्द योजीत होता.

घराच्या बाबतीतली खरी मौज तर निराळीच. शाळेत एकदा प्रवेश मिळाला की तो दहा वर्षांचा. घराचा करार मात्र अकरा महिन्यांचा. महाराष्ट्रातील भाडेकरू आणि घरमालक यांच्यात परस्परविश्वास एक वर्षभर टिकू शकतो, असे कोणीही गृहीत धरीत नाही. म्हणजे दहावीपर्यंत शाळा तीच ठेवायची तर त्याच परिसरात दहाबारा वेळा दुय्यम निबंधकाच्या दफ्तरी अंगठा उमटवावा लागणार, आणि शाळेची कीर्ती जसजशी वाढेल तसतसे भाडेही वाढणार. चांगले शिक्षक शाळा नामांकित करतात, नामांकित शाळेमुळे भाडी वाढतात, आणि वाढत्या भाड्यामुळे ते शिक्षक स्वतः कात्रजच्या घाटापाशी राहायला जातात. या साखळीत शिक्षकाला त्याच्या कीर्तीचा हिस्सा कोठे मिळतो, हे मी भाच्याला विचारले. त्याच्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी तोंडी पुरावा गोळा करण्याचे ठरले. ज्यांची मुले त्या त्या शाळांत आहेत अशा पाच-सात गृहस्थांच्या जबान्या आम्ही घेतल्या व त्या सर्व निरुपयोगी ठरल्या. ज्याने शुल्क भरलेले आहे तो शाळेला नावे ठेवीत नाही. कारण शाळा वाईट म्हणणे म्हणजे स्वतःच्या व्यवहारबुद्धीचा पंचनामा करणे होय. ज्याच्या मुलाला प्रवेश मिळाला नाही त्याच्या मते त्या शाळेत आता पूर्वीसारखा राम राहिलेला नाही. अशा रीतीने साक्षीदारांचे दोन स्वच्छ पक्ष पडले, आणि शाळेबद्दल काहीही न कळता माणसांबद्दल पुष्कळ कळले.

खरी साक्ष मिळाली ती माझ्याच स्वयंपाकघरात. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी चार घरी कामे करतात आणि त्या चार घरांतील मुले चार निरनिराळ्या शाळांत जातात. भाचेसुनेने, नवऱ्याला तक्त्यासह बाहेरच्या खोलीत सोडून, त्यांच्याजवळ पाट घेतला आणि तासाभरात जे तिला समजले ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नव्हते. अमक्या शाळेतला मुलगा रोज डबा अर्धा परत आणतो, कारण खायला वेळच देत नाहीत. तमकीकडची मुलगी रविवारी संध्याकाळी पोट दुखते म्हणते. तिसऱ्याकडे आई रात्री अकरापर्यंत पुठ्ठ्याचे ज्वालामुखी करीत बसते आणि बक्षीस मुलाला मिळते. “चौथ्या घरचं पोर गाणी म्हणत येतं बघा,” मावशी म्हणाल्या, “शाळा काय लई मोठी न्हाई. पन बाई चांगल्या हायती, पोराला नावानं हाक मारत्यात.”

मावशींची चौकशी सकारण होती. त्यांच्या नातवासाठी त्यांना स्वतःलाच शाळा निवडायची होती. खासगी शाळांतील २५ टक्के जागा ज्या दुर्बल व वंचित घटकांसाठी कायद्याने राखून ठेवलेल्या आहेत, त्यांतल्या एकीवर त्यांचा डोळा होता, आणि अर्ज भरून देण्याचे काम भाच्याकडे आले. त्या अर्जात नकाशावर एक लाल फुगा असतो. तो आपल्या घरावर नेमका आणून ठेवला म्हणजे एक किलोमीटरच्या आतल्या आणि तीनपर्यंतच्या शाळांची यादी उमटते व तीतून जास्तीत जास्त दहा निवडायच्या. फुगा फार वेळा हलवण्याची मुभा नाही. मावशी पर्वतीच्या कुशीतल्या जनता वसाहतीत राहतात. तेथली घरे उतारावर एकावर एक अशी रचलेली, बोळ हातभर रुंदीचे, आणि नकाशात त्या सर्वांचा मिळून एकच करडा डाग. आपले घर त्या डागात नेमके कोठे, हे दाखवताना मावशींनी, “हितं नळ, हितं मारुती, हितं आमी,” असे काचेवर बोट ठेवून सांगितले आणि काच पुसून घेतली. यादीत पहिल्याच वर्तुळात एक झकास शाळा निघाली. ती टेकडीच्या पलीकडल्या अंगाला होती. नकाशाला टेकडी चढावी लागत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत तर सरकारने असा फेरबदल काढला होता की, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या राखीव जागांतून सूट. म्हणजे पुण्यासारख्या शहरात जवळजवळ सगळ्यांनाच सूट. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैत तो फेरबदल रद्द केला. भाच्याला हे सर्व माझ्याकडूनच प्रथम कळले, आणि एक किलोमीटर हे अंतर एकाला सोयीचे व दुसऱ्याला आयुष्याचे असू शकते, हे उमगल्यावर त्याने मावशींचा अर्ज स्वतःच्या अर्जापेक्षा अधिक काळजीने भरला. फक्त सवयीने त्याने त्यांना जामीनदार विचारला.

मावशींच्या चौथ्या घराची शाळा भाचेसुनेने त्याच संध्याकाळी कायम केली. कोथरूडमधली, मध्यम वयाची, मध्यम शुल्काची, सेमी-इंग्रजी. घोडा नाही, तलाव नाही, जिमखान्याच्या नावाखाली एक मल्लखांब. तिला लागूनच, अक्षरशः भिंतीला भिंत, एक दोन खोल्यांची जागा रिकामी होती आणि मालक निवृत्त असूनही बोलावयास गोड होता. भाचा तक्त्याची घडी घालण्याच्या बेतात होता, तेवढ्यात भाचेसुनेने विचारले, की दोघेही साडेआठला घराबाहेर पडल्यावर बारा वाजता सुटणाऱ्या मुलीला ते पन्नास पावलांचे अंतर आणून पाळणाघरात पोहोचवणार कोण. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्राकडे पाहिले.

म्हणून व्हॅनवाल्या काकांना बोलावणे गेले. पुण्यातील शिक्षणव्यवस्थेचे वर्णन करताना शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक, पालकसंघ यांची नावे घेतली जातात; परंतु कोणते मूल कोणत्या शाळेत जाईल, किती वाजता उठेल, कोणाशेजारी बसेल आणि म्हणून कोणाची भाषा शिकेल, हे ठरवण्याचा अंतिम अधिकार ज्याच्याकडे आहे तो हा मनुष्य. काका आले, उभ्यानेच पाणी प्याले, आणि पत्ता ऐकताच त्यांनी मान हलवली.

“शाळेला लागून? नाही जमायचं, साहेब. एवढ्या जवळचं आम्ही घेत नाही, परवडत नाही. निदान दोन किलोमीटर पाहिजे.”

“पण काका,” भाचा म्हणाला, “शाळा जवळ हवी म्हणून तर घर तिथं बघतोय!”

“मग घर लांब बघा,” काका म्हणाले. “आमच्या लायनीत डहाणूकर कॉलनीकडं एक जागा आहे. रिकामी आहे गेल्या महिन्यापासून. दुसऱ्या मजल्यावर. तिथनं मला तीन पोरं आहेत, ही चौथी. पाळणाघर पण खालीच आहे.”

दुसऱ्या दिवशी ती जागा पाहण्यात आली, पसंत पडली आणि अनामत रक्कम देऊन झाली. तक्त्यातील अंतराच्या रकान्यात भाच्याने शून्य खोडून अडीच लिहिले व ‘वाहनाच्या सोयीस्तव’ असा शेरा मारला. राहता राहिला काकांचा मोबदला. महिन्याचा आकडा त्याला मान्य होता. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत शाळेला सुट्टी असताना मे महिन्याचे पैसे कशाबद्दल, एवढाच त्याचा तात्त्विक मुद्दा होता, आणि तो त्याने कर्जविभागाच्या प्रमुखाला शोभेल अशा रुक्ष, मुद्देसूद भाषेत मांडला. काकांनी शांतपणे ऐकून घेतले.

“सुट्टीत गाडी उभी असते हे खरं आहे, साहेब,” ते म्हणाले, “पण हप्ता चालूच असतो ना. तुमच्याच बँकेचा आहे.”